साडेतीन तासांचं काम

सडक अर्जुनी,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. उमेंद्र यास,
दादाचे आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. रायपूरचा पत्ता टिंकूकडून घेतला. तो देत नव्हता, मी तीनदा त्याच्या दुकानात जाऊन बसलो तेव्हा दिला. तुझ्या वर्गातला दोस्त आहे, त्याच्यावर रागावू नकोस.

इकडे उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली. मायचे गुडघे थंडीत फार दुखले, आता उठबस करते. परवा तुझ्या आवडीची लाखोरीची भाजी केली होती तिने. ताटात वाढता वाढता म्हणाली, "उमेंद्रले..." आणि भांडं तिथेच ठेवून आत गेली. बाबांना एसटीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पहाटे ड्यूटी असल्यासारखे उठून दाढी करतात. गॅरेजमध्ये ट्रकची कामं येत असतात. माझं बरं आहे.

तुझी लाल गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. पोलिसांनी सोडल्यापासून कोणी हात लावला नव्हता. तू नागपुरात नोकरीला असताना ती घेऊन आलास, त्या दिवशी दोन दारांची गाडी बघायला अर्धा मोहल्ला जमला होता. बाबा म्हणाले होते, "मागं बसाले जागाच नाई, अशी गाडी कायले घेतली?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तुझ्या शेजारी बसून कोहमाऱ्यापर्यंत गेले होते.

मागच्या रविवारी मी तिच्या पॉवर स्टेअरिंगचा पाइप बदलला. तू कुरिअरने मागवलेला नवा पाइप. पुडक्यावर तुझं नाव तसंच आहे.

उमेंद्र, आता तू हे वाक्य परत वाचशील. नवा पाइप मी साडेतीन वर्षांपूर्वीच बसवला, असं तुला माहीत आहे. तू फोनवर विचारलं होतंस, "दादा, पाइप बसला का?" मी म्हणालो होतो, "बसला. बेफिकीर चालव." पोलिसांनाही मी हेच सांगितलं.

तो बसवलेला नव्हता.

खरं काय झालं ते लिहितो. जुना पाइप पंपापासून खाली जातो, तिथला नट गंजून धरला होता. दोन दिवस मी त्याच्याशी झटलो. पाना घसरून नटाचे कोपरे गोल झाले. गॅरेजमध्ये ट्रकवाले बसलेले, बघून हसायला लागले. एक म्हणाला, "उस्ताद, खिलौने से हार गए क्या?" तेवढंच. एवढ्याशा बोलण्यावर मी करवत घेतली, गळणारा तुकडा कापून काढला, मधे साधा रबराचा पाइप टाकला आणि दोन्हीकडे क्लॅम्प आवळले. त्या पाइपात तेलाचा किती दाब असतो ते मला ठाऊक होतं. साधं रबर तिथे टिकत नाही, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगतो. अंगणात स्टेअरिंग फिरवून पाहिलं, गळलं नाही. वाटलं, पोळा होऊन जाऊ दे, तू नागपूरला परत जायच्या आधी नीट करू. नवा पाइप फळीवर ठेवून दिला.

चौथ्या दिवशी तलावाच्या वळणावर ते रबर सुटलं.

तू पहिल्यापासून एकच सांगत होतास, स्टेअरिंग दगडासारखं झालं, गाडी वळलीच नाही. तुझं कोणी ऐकलं नाही. सुखराम दुधाच्या कॅन घेऊन सायकलवर होता, तो गाडीखाली आला आणि गाडी पुढे झाडावर आदळली. मी मोटारसायकलने पोचलो तेव्हा तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास. लोक तुमच्याभोवती होते. मी बॉनेटपाशी गेलो. रबराचा तुकडा एका क्लॅम्पला लोंबत होता. मी तो ओढून काढला, शर्टाखाली घातला आणि मग तुझ्याजवळ आलो. आधी तो काढला, मग तुझ्याजवळ आलो. तपासणीत पाइप धडकेने तुटला असं लिहिलं गेलं. तुकडा मी त्याच संध्याकाळी तलावात टाकला.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू म्हणालास, "दादा, माझाच हात चुकला असेल." मी म्हणालो, "होते कधी कधी." हे शब्द मी बोललो. तुझ्या मागच्या दोन तारखांना मी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होतो. तू मला पाहिलंस आणि घरी न येता स्टँडकडे निघून गेलास. मी हाक मारू शकलो असतो.

रविवारी फळीवर पाना शोधताना ते पुडकं हाताला लागलं. का काढलं, मला सांगता येत नाही. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, जुन्या पाइपची टोकं सोडवायला लागलो. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी जमिनीवर पडलेलं टोक उचललं, चष्म्याजवळ नेलं.

"हे तं करवतीनं कापलं आहे," ते म्हणाले. "कोनं कापलं?"

मी सांगितलं. गाडीखाली पडल्या पडल्याच सांगितलं, तोंड दिसू नये म्हणून. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. तीस वर्षांत माझ्या एसटीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं म्हणून ज्या माणसाने तुला घराबाहेर काढलं, तो काय बोलेल याची मी वाट पाहत होतो. त्यांनी घरातून स्टूल आणलं. हातावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं.

"आता नवा बसव," म्हणाले. "मले पाह्यचं आहे किती वेळ लागते."

मी नट तापवला, गंजाचं तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा तापवला. पाइपाच्या नटाचा वेगळा पाना येतो, तो टिंकूच्या दुकानातच मिळतो, तेव्हाही मिळत होता. नट फिरला. नवा पाइप बसला, तांब्याचे नवे वायसर टाकले, तेल भरलं, पुढची चाकं वर ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, तेलातले बुडबुडे संपेपर्यंत. बाबा जागचे हलले नाहीत.

"साडेतीन तास," त्यांनी घड्याळ बांधत म्हटलं. मग आत गेले. मायचं रडणं मला अंगणात ऐकू आलं.

सोमवारी मी सुखरामच्या बायकोकडे, रुख्माकडे गेलो. सुखराम गेल्यापासून दूध तीच घालते. गोठ्यात होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने शेणाचे हात धुतले नाहीत, तशीच ऐकत राहिली.

"म्हंजे उमेंद्र खोटा नोहता बोलत?"

"नाही."

"तो पोरगा तेरवीले आला होता," ती म्हणाली. "मी त्याले सगळ्यांपुढं हाकललं. थुकली मी त्याच्यावर. तू तं बाजूलेच उभा होतास."

मी मान हलवली.

"मंग आता मले कायले सांगून राहिलास? तिथं सांग, जिथं त्याचं नाव लिवलं आहे."

तिने माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हशीखाली बसली आणि मी तिथे नाहीच असं धरून दूध काढायला लागली.

तुझ्या वकिलांना भेटलो. गाडीला हात लावला म्हणून आधी ते माझ्यावर ओरडले, आणि बरोबरच ओरडले. जुन्या पाइपचे दोन्ही तुकडे मी कापडात बांधून त्यांच्याकडे दिले आहेत. तीन मार्चच्या तारखेला माझा जबाब घ्या, असा अर्ज ते देणार आहेत. माझ्यावर गुन्हा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लागू दे. पण कोर्ट मानेलच असं ते म्हणाले नाहीत. भाऊ भावाला वाचवतो आहे, असंच सगळे म्हणतील, म्हणाले. हे ऐकून मी बाहेर पायरीवर बसलो. साडेतीन वर्षं वाचवलं ते मी स्वतःला.

बाबांनी हे पत्र मागितलं होतं, खाली दोन ओळी लिहायला. कागद समोर घेऊन सकाळभर बसले, मग तसाच परत दिला. म्हणाले, "मी काय तोंडानं लिहू?" त्यांचं हे बोलणं जसंच्या तसं तुला कळवतो आहे.

घरी ये असं मी म्हणत नाही. माझ्याशी बोल असंही म्हणत नाही. तुझा जो वेळ गेला, तुझी नोकरी गेली, लग्न मोडलं, त्याबद्दल काही लिहायला घेतलं आणि तो कागद फाडून टाकला.

रात्री झोपताना तुझा हात चुकला असं अजून वाटत असेल, तर ते सोड. तुझा हात चुकला नव्हता.

हे पत्र जपून ठेव, वकिलांना दाखव. त्यांनी सांगितलं आहे की कागदावर नातं नको, पूर्ण नाव हवं. म्हणून खाली तसंच लिहितो आहे.

वर लिहिलेलं सर्व मी केलं आहे, आणि मी शुद्धीवर राहून लिहिलं आहे.

हेमेंद्र नंदलाल तुरकर