प्रणालीचं लग्न आणि आमची स्टिक

३ नोव्हेंबर
प्रणालीचं लग्न २४ तारखेला, तिकडे मेलबर्नला. आमचा व्हिसा नामंजूर. ठरलं: पोरीचं लग्न घरच्या टीव्हीवर लाइव्ह पाहायचं. टीव्ही जुना, त्यात नेट येत नाही. स्टिक नाहीतर बॉक्स लावावा लागतो. ते काम मी घेतलं. बापाच्या हाती आता तेवढंच उरलंय. गल्लीतल्या बायांना आमंत्रणही देऊन टाकलं.

५ नोव्हेंबर
स्टिक की बॉक्स? अभ्यास सुरू. एकेक व्हिडिओ अर्ध्या तासाचा. शेवटी सगळे म्हणतात, तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. डोळे चुरचुरले. झोपलो.

९ नोव्हेंबर
शेजारचे इनायतुल्लाभाई दुकानात गेले आणि दिसली ती स्टिक उचलून आले. रॅम किती, विचारलं. म्हणाले, भाऊ, दिसते ना, बस. पस्तावतील.

१२ नोव्हेंबर
बायको, कौशल्या, म्हणाली, काहून येवढं डोकं लावून राह्यले, इनायतभाऊसारखी घेऊन या ना. तिला समजावलं, ही काय भाजी आहे? ती म्हणाली, भाजी तरी तुमाले कुठं आणता येते. विषय भरकटला.

१४ नोव्हेंबर
अमरावतीत चॉइस नाही, म्हणून अकोल्याला गेलो. दुकान बंद, साप्ताहिक सुट्टी. येताना एसटीत उभा. फेरी वाया गेली नाही. दुकान कुठे आहे ते कळलं. कंबर गेली.

१८ नोव्हेंबर
सकाळी बॉक्स मागवला. मन हलकं. दुपारी कोणीतरी लिहिलेलं वाचलं की बॉक्स तापतो. रद्द केला. स्टिक मागवली. योगायोगाने इनायतभाईंचीच. पण मी अभ्यास करून घेतली.

२३ नोव्हेंबर, शनिवार
स्टिक आली. कौशल्या म्हणाली, आजच लावून पाहा. पण शनिवारी नवी वस्तू सुरू करत नाहीत आपल्याकडे. हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली. उद्या पाच मिनिटांचं काम.

२४ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
लावली. लगेच चालू. मी म्हटलंच होतं. पडद्यावर आलं: अपडेट होत आहे, बंद करू नका. नेट माझ्या फोनवरून दिलंय, म्हणून फोनलाही हात लावायचा नाही.

सव्वादहा
अजून तेच. इनायतभाईंच्या बिल्कीसभाभी बोलवायला आल्या, त्यांच्या टीव्हीवर लग्न दिसतंय म्हणे. आमच्याकडे जमलेल्या सगळ्या बाया उठल्या. कौशल्या दारातून म्हणाली, चला ना, पोरगी वाट पाहीन. मी म्हटलं, होतच आलंय, तुम्हीच परत याल. तिने माझ्या मुठीत थोड्या अक्षता दिल्या आणि गेली.

दुपार
मंगलाष्टकं भिंतीपलीकडून ऐकू आली. मी उठून उभा राहिलो. जायला हवं होतं, पण इतक्या अभ्यासानंतर त्यांच्या स्टिकवर कसं पाहणार? सावधान झालं, तिकडे बायांचा गलका झाला. मी अक्षता टाकल्या. ‘बंद करू नका’वर पडल्या.
कौशल्या आली, डोळे लाल. म्हणाली, लग्न लागल्यावर पोरीनं व्हिडिओ कॉल केला, पहिलं विचारलं, बाबा दिसून नाही राह्यले? सांगितलं, टीव्ही लावून राह्यले.
मला रडू आलं.

संध्याकाळी
अपडेट झालं. लग्नाचं रेकॉर्डिंग लावलं. चित्र फार स्पष्ट. निवड बरोबरच होती. मध्येच प्रणाली कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवते. मीही हलवला.