कंपायलर बदलायला माझा होकार

मंगळवार, संध्याकाळ. कोपर स्टेशन.

आज मीटिंगमध्ये परांजपे सर म्हणाले, आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सी कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, बदलूया. नवा म्हणे चुका नीट दाखवतो. अरे, गेल्या वर्षी हेच मी सुचवलेलं तेव्हा सगळ्यांसमोर खदाखदा हसलेलं कोण? सरच! वर म्हणाले, "जो बदल सुचवेल, त्यामुळे मोडलेले प्रोग्रॅम त्यानेच दुरुस्त करायचे. आहे तयारी, मॅडम?" मी सूचना मागे घेतली. ते हसणं अजून डोक्यात जातं.

आज सगळे माझ्याकडे बघत होते. विरोध करू? नव्यावर काय काय मोडतं ते मी तेव्हाच घरी करून बघितलेलं. सगळ्यात आधी सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कोसळतो. सांगावं का? का म्हणून?

गोड आवाजात म्हटलं, "माझा होकार आहे, सर. नियम तोच ना?"

सर हसले नाहीत.