गोधडीचा उघडा कोपरा

॥ श्री ॥
दिग्रस, ता. ८ मार्च १९५९

ती. सौ. लीलाताईस,
वच्छलेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बाभुळगावहून धाडलेली तुरीची डाळ पोचली. पिशवी निम्मीच भरली होती. वाटेत कुणी हात मारला नसेल, तर धाकट्या बहिणीला देताना तुझाच हात आखडला असं समजते.

परवा सदाशिवदादा येऊन गेला. पुन्हा तेच. नवऱ्यामागं एकट्या बाईनं दिग्रसला खोली घेऊन राहायचं कायले, केळापूरला चल, तुझ्या वहिनीलाही कामाला दोन हात होतील, म्हणाला. दादाच्या मनात वाईट नाही, पण दुसऱ्याच्या चुलीपुढं जन्म काढायचा या विचारानंच माझा जीव घुसमटतो. मी त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलं आहे. यवतमाळच्या एका वसतिगृहानं आमच्या महिला मंडळाला गोधड्या शिवायला सांगितल्या आहेत. दिवाळीला त्या पसंत पडल्या तर दरवर्षीचं काम आमचं, आणि मी माझ्या खोलीत. नाही पडल्या तर गाठोडं बांधून येईन, असं कबूल करून बसले आहे.

आमची हुस्नाबी पिंजाऱ्याच्या घरची. गिरणीचा कापूस स्वस्त झाल्यापासून तिच्या नवऱ्याची, रहमतची, कापूस पिंजायची धनुकली खुंटीलाच टांगलेली. आता मंडळासाठी ती पुन्हा वाजते. जिनिंगमधला पडीक कापूस तो पिंजून देतो, जुनी लुगडी आम्ही गोळा करतो, आणि तांड्यावरची हंसाबाई कडेनं असे टाके घालते की बघत राहावं. बाया एकमेकींच्या तांब्यातलं पाणी पीत नाहीत, पण एका गोधडीच्या चारी बाजूंना बसतात.

नमुन्याची एक गोधडी वसतिगृहात देऊन आले. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी, आई घालायची तसा, त्यात भाकरीचा वाळका तुकडा घातला होता. मंडळाचं काम बघणाऱ्या ग्रामसेविकेनं ते पाहिलं आणि म्हणाली, बाकीच्यांत हे नको, विकायच्या वस्तूत अन्न कशाला. तुकड्याशिवाय कोपरा शिवायला माझं मन होत नाही. काय करू ते कळव.

तुझी,
वच्छला

बाभुळगाव, ता. १९ मार्च १९५९

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

डाळ निम्मी होती कारण भाचीनं तुझ्या पिशवीतून काढून वरण केलं. तिला मी रागावले आणि मग दोन वाट्या वरण खाल्लं.

तू विचारतेस म्हणून सांगते. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, आईनं कधी ठेवलं नाही. त्या ग्रामसेविकेचं वय काय गं? पोरगी चांगली असेल, पण तिनं घरात गोधडी शिवलेली दिसत नाही. वसतिगृहातली पोरं आईपासून लांब राहतात. पांघरूण तरी उपाशी नसावं त्यांचं. तू खुशाल तुकडा घाल, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

तुझ्या खोलीत एकदा येऊन राहायचं माझ्या मनात आहे. तुझ्या चुलीवरचा चहा पिऊन पाहते, मग दादाशी भांडायला मला जोर येईल. पत्र टाकायला आळस करू नकोस.

लीला

दिग्रस, ता. १४ जून १९५९

ती. सौ. लीलाताईस सा. न. वि. वि.

गोधड्या झाल्या! बाबुलाल शेटनं कापसाच्या गोदामाचा एक कोपरा फुकट दिला आहे. गठ्ठे करकचून बांधून तिथं ठेवले. आता पाऊस संपला की यवतमाळ.

तुझं पत्र मी बायांना वाचून दाखवलं. तर हुस्नाबी म्हणाली, आमच्या घरी बी घालतेत, माझी सासू बिस्मिल्ला म्हणून रोटीचा तुकडा ठेवत होती. हंसाबाई म्हणाली, आम्ही ज्वारीचे दाणे टाकतो, पोट म्हणजे पोट. ताई, पाण्यावरून कुरकुरणाऱ्या बाया याच एका गोष्टीवर एका सुरात बोलल्या. मग दरेक गोधडीत जिनं कोपरा शिवला तिच्या घरचा तुकडा गेला. ग्रामसेविकेला आम्ही सांगितलं नाही. तिच्या मागं तोंडाला पदर लावून इतक्या हसलो की रहमतची धनुकली थांबली आणि तो काय झालं म्हणून बघायला आला.

मी नवी चूल घातली आहे. दिवाळीनंतर ये. चहा त्याच चुलीवरचा.

तुझी,
वच्छला

दिग्रस, ता. २४ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. लीलाताईस नमस्कार.

काल वसतिगृहातून माणूस माल न्यायला आला. गोदामात गठ्ठे सोडले. वरची गोधडी उचलली तर एका कोपऱ्याला मूठ जाईल एवढं भोक. दुसरी उचलली, तिलाही तिथंच. एकूण एक गोधडी, ताई, त्याच कोपऱ्यात कुरतडलेली. आतून कापूस बाहेर आला होता आणि उंदरांनी त्यात पिलं घातली होती.

मला लगेच कळलं. हुस्नाबीलाही. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनी मान खाली घातली. घरातली गोधडी रोज अंगावर असते, दोन दिवसांआड उन्हात पडते, तिच्याकडं उंदीर फिरकत नाही. चार महिने अंधारात बांधून ठेवल्यावर त्यांना आतल्या तुकड्याचा वास गेला असणारच. एवढी साधी गोष्ट आम्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही. त्या माणसानं माल घेतला नाही. तो तरी काय करणार? ग्रामसेविका वाकून बाहेर आलेला कापूस गोळा करत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बाया आपापल्या गोधड्या उचलून घरी गेल्या. हंसाबाई म्हणाली, पुन्हा करू, कायले रडून राह्यली. पण पुढच्या हंगामापर्यंत घरात बसून राहणं कुणाला परवडतं? ती उद्यापासून रस्त्याची खडी फोडायला जाते आहे. रहमत आणि हुस्नाबी अकोल्याला निघाले, तिथल्या गिरणीत त्याचा भाऊ आहे.

दादाला मी शब्द दिला आहे.

वच्छला

बाभुळगाव, ता. २ नोव्हेंबर १९५९

चि. वच्छलास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली करंजीची लाटी तशीच राहिली. तू दोष कुणाला लावला नाहीस, पण मी तुझी मोठी बहीण आहे, मला तेवढं कळतं. माझं नाव सांग म्हणाले होते. सांगितलं असतंस तरी काय उपयोग होता? मला इथं बसून तुमचं गोदाम दिसलं नाही. मला आईचे हात दिसले, आणि मी लिहून मोकळी झाले. फार वाईट वाटतं गं.

केळापूरला जाऊ नकोस, माझ्याकडं ये. चूल माझी आहे, पण अर्धी तुझी म्हणेन. तुझ्या नव्या चुलीवरचा चहा प्यायचा राहिला, तो मात्र जन्मभर राहील.

लीला

केळापूर, ता. १६ जानेवारी १९६१

ती. सौ. लीलाताईस सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. इथं सगळे नीट वागवतात. वहिनी मला विचारल्याशिवाय भाजी चिरत नाही. पण चुलीपुढं बसले की ती माझी नाही हे चुलीलाही ठाऊक असल्यासारखं वाटतं.

आज वसतिगृहातून पत्र आलं. दिग्रसच्या पत्त्यावर जाऊन फिरत फिरत इथं पोचलं. नमुन्याची ती पहिली गोधडी तिथल्या चौकीदारानं पांघरायला घेतली होती. त्याची बायको रोज ती उन्हात घालते. दोन हिवाळे झाले, एक टाका उसवला नाही, कोपरे चारी शाबूत. पोरं चौकीदाराकडं ती मागायला जातात म्हणे. तशाच शिवून द्याल का, म्हणून विचारलं आहे.

तिच्याही पोटात तुकडा होता, ताई. माझ्याच घरचा.

कुणाला सांगू? हुस्नाबीचा अकोल्याचा पत्ता माझ्याकडं नाही. हंसाबाईचा तांडा खडीच्या कामामागं कुठं गेला, दिग्रसला कुणाला माहीत नाही. रडून झाल्यावर मी वहिनीचं एक जुनं लुगडं मागून घेतलं आणि पडवीत एकटीच शिवायला बसले. एकटीनं गोधडी शिवली की ती सरळ बसत नाही. तीन बाजूंना कुणी ओढून धरायला नसतं.

तरी तीन कोपरे झाले. चौथा उघडा आहे. भाकरीचा तुकडा वाळवून ठेवला आहे. तो हातात घेते आणि पुन्हा फळीवर ठेवते. घालू की नको, हे या खेपेला पत्रानं कळवू नकोस. तू स्वतः ये, समोर बस, आणि तो टाका तुझ्या हातानं घाल. चहा दादाच्या चुलीवरचा मिळेल.

लोभ आहे तो अंधारात बांधून ठेवू नकोस, ही विनंती.

तुझी,
वच्छला