दिवाळीत ताबा? शक्यच नाही

१७ ऑक्टोबर, वसुबारस
दारावर बँकेची नोटीस. चक्क चिकटवली आहे. सनमायकावर डाग राहणार, त्याची भरपाई कोण देणार? चोवीस तारखेला फ्लॅटचा ताबा घेणार म्हणे. मिसळीच्या हॉटेलासाठी घर तारण ठेवलं, हॉटेल बसलं, हे मान्य. पण गंगापूर रोडसारख्या भारी वस्तीतल्या माणसाला ऐन दिवाळीत बाहेर काढायची कुणाची टाप आहे! निश्चय: एक पाऊलही मागे नाही. नोटिशीवर झेंडूचं तोरण सोडलं. आता दिसत नाही.
वाटलं होतं, बायको रडेल. पण मोहिनीने दिवाळीची सफाई काढली. माळ्यावरची सगळी भांडी तिचा भाऊ समाधान टेम्पोत घालून त्याच्या गावी, ओझरला घेऊन गेला. मोडीत घालणार असेल. माळा छान मोकळा झाला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
सोसायटीत सगळ्यात मोठा आकाशकंदील माझा. बँकेला दुरून दिसला पाहिजे.
सोफा आणि कपाट पॉलिशला गेलं. मी हात लावायला गेलो तर समाधान म्हणाला, "दाजी, तुम्ही नका उचलू, लय जड हाय, कंबर धरंल." पोरगा मोठा समजूतदार. ओझरला पॉलिशवाले चांगले आहेत हे मला माहीत नव्हतं.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, पहाटे
गीझर सर्व्हिसिंगला. गॅसवर पाणी तापवून अभ्यंगस्नान. अंगठ्याखाली कारीट फोडताना नरकासुराऐवजी ब्रँच मॅनेजर डोळ्यासमोर आणला. जोर जास्त झाला. चिळकांडी माझ्याच डोळ्यात. अजून चुरचुरतंय.
मोहिनीने पुन्हा विचारलं, चोवीस तारखेचं काय ठरवलंय? म्हटलं, बघू. बायकांना धीर म्हणून नसतो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
घराच्या कागदांची पूजा केली. मूळ कागद बँकेत, म्हणून झेरॉक्सची. देवी समजून घेईल. लक्ष्मी यावी म्हणून दार सताड उघडं ठेवलं. सोसायटीचा सेक्रेटरी आला, थकलेला मेंटेनन्स मागायला. सणाचा तरी मान ठेवावा माणसाने! चकली दिली नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा
मोहिनीने ओवाळलं. ओवाळणीत काय हवं विचारलं, तर म्हणाली, उद्या माझ्याबरोबर ओझरला चला, तिकडेच राहू. मी म्हटलं, साडी घे. ऐन लढाईत गड सोडायचा असतो का? ती बराच वेळ तबक धरून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं. फटाक्यांचा धूर यंदा फारच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मोहिनी भावाला ओवाळायला गेली. जाताना गॅसचं सिलिंडर नेलं, समाधानकडचं संपलंय. देवही नेले. भाऊबीजेला देव कशाला, ते कळलं नाही. पण सणासुदीला वाद नको.
हॉलमध्ये बोललं की आवाज घुमतो. उद्याच्या भाषणाची प्रॅक्टिस केली. फार भारदस्त वाटलं.

२४ ऑक्टोबर, सकाळ
आले. बँकेचे साहेब, दोन पोलीस, पंच म्हणून कुणीतरी दोघं. मी दारातच खुर्ची टाकून बसलो आणि सुनावलं: या घरातली वस्तू न् वस्तू माझ्या घामाची आहे, आत जायचं तर माझ्या प्रेतावरून जावं लागेल. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. हवालदार तर "बरोबर हाय तुमचं" म्हणाला. जिंकलोच होतो.
तेवढ्यात समाधान जिना चढून आला. म्हणाला, "दाजी, उठा जरा. खुर्ची वॉचमनची हाय, त्याला द्यायचीय."
उठलो. दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणं आपल्या तत्त्वात बसत नाही.
साहेब आत गेले. पंचनाम्यात सामानापुढे 'निरंक' लिहिलं आणि कुलूप लावलं.

संध्याकाळ, ओझर
दोन खोल्या. फळीवर माळ्यावरची भांडी. सोफा, कपाट, गीझर, देव, सगळे हजर. पॉलिश कशालाच नाही. मोहिनीने महिन्यापूर्वीच खोल्या ठरवल्या होत्या. इथल्या एका कँटीनमध्ये पोळ्यांचं कामही धरलंय. मी ओरडलो, मला विश्वासात का नाही घेतलं? ती म्हणाली, घेत होते, तुम्ही बघू म्हणत होतात. मग मला रडू आलं. चांगलंच आलं. समाधान उगाच बाहेर जाऊन टेम्पो पुसत बसला.
जरा वेळाने लक्षात आलं, की मी त्याच खुर्चीत बसलोय. विचारलं, वॉचमनची खुर्ची इथे कशी? मोहिनी चहा गाळत म्हणाली, वॉचमनची कुठली, आपलीच आहे. दुसरं काही सांगितलं असतं तर तुम्ही उठला नसतात. घर घेतल्यापासून बाल्कनीत असायची.
मी मागून, पुढून, खालून सगळीकडून पाहिली. खुर्ची ओळखीची वाटत नाही.