घरचा कापूस

खामगाव
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. छकुलीस,

भागवतदादाचा आशीर्वाद. ‘सौ.’ पहिल्यांदा लिहून राह्यलो, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. इकडे बरं आहे. वेचणी अर्धी झाली, बाया मिळत नाहीत. मलकापूरच्या दवाखान्यातली तुझी ड्युटी कशी चालू आहे? फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढते. म्हणून कागद.

आईच्या पायाचं सांगतो. अंगठ्यात पऱ्हाटीचं, कापसाच्या झाडाचं, खुंट घुसलं, हे सुभद्रामावशीनं तुले कळवलंच. आईले साखरेचा आजार, म्हणून तिले दुखलंच नाही, अन् आम्हीही मनावर घेतलं नाही. मी रोज जखमेवर घरचा कापूस ठेवून पट्टी बांधत होतो. आपल्या वावरातला, हातानं सरकी काढलेला. दुकानात याच्याहून चांगला काय भेटणार, असा माझा तोरा. सकाळी चिकटलेला कापूस ओढला की नवी कातडी त्याच्यासोबत निघे. मले वाटे, जखम साफ होऊन राह्यली.

अकराव्या दिवशी डॉक्टरनं चिमट्यानं कापसाचे धागे काढून दाखवले. म्हणाले, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. न चिकटणारी जाळी मिळाली नाही का कुठं?

मिळाली होती. मावशीच्या हाती तू पाठवलेली पिशवी आठ दिवस कपाटावर पडून होती. तू पाठवली म्हणून मी उघडली नाही. दुसरं काही कारण नाही.

त्या दिवशी उघडली. डॉक्टरले विचारून, चिठ्ठीत तू लिहिलं तसंच केलं. सलाईनच्या पाण्यानं धुतलं, मग ती तेलकट जाळी, वर गॉज, मग सैल पट्टी. सोडताना ओढायचं नाही, भिजवायचं. आता जखम लाल दिसते, कडा आत सरकून राह्यल्या. अंगठा वाचला म्हणतात.

आईले म्हटलं, डॉक्टरनं दिली. तिनं पिशवीची सुतळी बोटांनी चाचपली. “ही गाठ डावखुऱ्या हाताची हाये. खोटं काऊन बोलतं रे भागवत?” अन् तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मले लाज वाटली. तुझ्या लग्नानंतर तुम्ही दोघं आले तेव्हा मी दार अडवून उभा होतो. तुझ्या नवऱ्याची जात काढली. आई मागंच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. चूक माझी होती, छकुली.

पिशवीत एकच जाळी उरली आहे. ती पुढच्या रविवारी लावायची. आईले मी सांगून बसलो की ती लावायले तू येतं, जावईही येतात. आणखी एक खोटं बोललो.

संघर्षरावांले घेऊन ये. या वेळी मी दारातून बाजूले सरून उभा राहीन.

तुझा
भागवतदादा