चौथ्या जागेचे पेशंट

३ जून, सोमवार

आले एकदाची! ट्रंक, दोन पिशव्या, पुस्तकांचं खोकं आणि मी, असा सगळा संसार क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर चढवला. खोलीला नुकताच रंग दिलाय, हात लावला तर बोटांना लागतो. खिडकीतून थेट मेडिकल वॉर्डाचं दार दिसतं. पलंग करकरतो, पण माझी झोप अशी की नगारा वाजला तरी मोडायची नाही.

एकशेवीस खाटांचं हे इस्पितळ इतकी वर्षं दोन डॉक्टरांवर चाललं होतं, त्यातलाही एक बहुतेक रजेवर. यंदा सरकारने पहिल्यांदाच इथे रेसिडेंट डॉक्टरांच्या सहा जागा मंजूर केल्या. शिक्षणाचा खर्च सरकारचा, विद्यावेतन सरकारचं. अट एकच: तीन वर्षं इथे शिकायचं आणि पुढची पाच इथेच काढायची. बाकीचे पाचजण सही करताना कुरकुरले. मी न वाचता केली. गुणवत्ता यादीत मी चौथी, म्हणून मला चौथी जागा.

या जागा ज्यांनी खेचून आणल्या ते विभागप्रमुख सर गुच्छ घेऊन दारात उभे होते. पार वाळलेले, डोळ्यांखाली काळं. एप्रनचा उजवा खिसा तीन ठिकाणी शिवलेला. म्हणाले, नऊ वर्षं तुमची वाट बघतोय. सगळे हसले, मीही हसले.

मला हे दार ठाऊक आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षांपूर्वी माझी आई याच वॉर्डात सतरा नंबरच्या खाटेवर होती. तिला धाप लागली तेव्हा सकाळचे आठ वाजत होते आणि याच माणसाची ड्युटी संपत होती. मी त्याच्या एप्रनचा खिसा धरला. त्याने माझं एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून, आणि निघून गेला. आई दुपारी दीड वाजता गेली. मधल्या साडेपाच तासांत एकही डॉक्टर आला नाही.

मी इथे शिकायला आलेले नाही. चारचौघांत त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायला आले आहे. दादाला फोन केला. तो म्हणाला, झालं गेलं विसर, नोकरी सांभाळ. दादा आईवर गेलाय, मी नाही.

५ जून, बुधवार

इथे सगळं ‘ओव्हर’वर चालतं. सकाळी आठला जाणारा डॉक्टर सिस्टरांच्या टेबलापाशी उभा राहून खाट नंबर, दुखणं, काय केलं, काय बघायचं, असा एकेक पेशंट वाचतो. येणारा ऐकतो आणि ‘घेतला’ किंवा ‘घेतली’ म्हणतो. म्हणेपर्यंत पेशंट जाणाऱ्याचाच. अर्धी राहिलेली ओव्हर म्हणजे दिलीच नाही, सगळे पेशंट परत देणाऱ्याच्या गळ्यात. हा नियम वॉर्डाच्या सिस्टरांचा. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होतील, पण त्यांच्यापुढे सरसुद्धा ताठ उभे राहतात.

वॉर्डात चोवीस खाटा. सतरा नंबरवर सध्या एक आजोबा आहेत. मी त्यांची नाडी जरा जास्तच वेळ धरून बसले.

८ जून, शनिवार

ऑफिसातल्या क्लार्कला चहा पाजला आणि जागा मंजूर झाल्याची फाईल मिळवली. सर गेली आठ वर्षं सरकारला लिहीत होते. सरकारने दर वेळी विचारलं, डॉक्टर कमी आहेत हे कशावरून? मग त्यांनी यादी जोडली. डॉक्टर जागेवर नव्हते म्हणून नऊ वर्षांत गेलेले पेशंट: खाट, तारीख, वेळ. एकूण एक्केचाळीस. तेही सहा जागांत वाटून, म्हणजे हा डॉक्टर असता तर हे वाचले असते. यादी बघून सरकार हललं.

जागा क्रमांक चार: सात पेशंट. त्यात सगळ्यात जुना मृत्यू, खाट सतरा, दुपारी दीड.

तळपायाची आग मस्तकात गेली. जिला बघायला याच्याकडे पाच मिनिटं नव्हती, तिच्या मरणाचा दाखला देऊन हा माणूस गुच्छ वाटत फिरतोय! यादीची झेरॉक्स काढून घेतली. २८ तारखेला तपासणी समिती येते. तिने चांगला शेरा दिला तरच या जागांना पुढच्या वर्षी पैसा मिळणार. तिच्यासमोरच मी हा कागद उघडणार. तोवर गोड बोलायचं.

१० जून, सोमवार

काल रात्रीची ड्युटी सरांनी स्वतः केली. विभागप्रमुख रेसिडेंटला ओव्हर देतो हे कुणी ऐकलंय? सकाळी माझ्यासमोर उभे राहून भराभरा वाचत गेले. मी त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. समितीसमोर हा गळा कसा कोरडा पडेल, याचं चित्र मनात रंगवत होते आणि तोंडाने ‘घेतला, घेतली, घेतला’ चालू होतं.

वाचून झाल्यावर सरांनी एप्रन काढून खुंटीला टांगला आणि दोन्ही हात वर करून आळस दिला. जाताना शीळ घालत होते.

नंतर रजिस्टर बघितलं. माझ्या हाताने केलेल्या ‘घेतला’च्या खुणा एकतीस आहेत. खाटा चोवीस.

११ जून, मंगळवार

सकाळी आठला ओव्हर देऊन निघाले. दारात एप्रनचा खिसा कुणीतरी धरला. मागे वळले तर कुणीच नाही. वॉर्डात लख्ख ऊन, मावशी फरशी पुसत होत्या. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा ओढ. सव्वाआठला सुटले.

झोप कमी पडली असेल.

१४ जून, शुक्रवार

आज सव्वादहा. दोन तास दारात उभी. एक हात नाही, बरेच आहेत. मावशींनी विचारलं, कुणाची वाट बघताय का. मी हो म्हटलं.

क्वार्टरवर येऊन एप्रन झटकला. उजव्या खिशाची शिवण उसवलीय. दुसऱ्या जागेवरच्या चष्मेवाल्याचीही तशीच. माझं लक्ष गेलं तसा त्याने हात आड धरला. हल्ली तो आमच्यात जेवायला बसत नाही.

१७ जून, सोमवार

सिस्टरांना विचारलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे, आईची जिवणी आहे माझी. मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्या एक्केचाळीस जणांची ओव्हर कुणी घेतलीच नव्हती, घ्यायला माणूसच नव्हता. म्हणून ते सरांचेच राहिले. नऊ वर्षं त्यांनी सरांना घरी जाऊ दिलं नाही. संसार मोडला, केबिनमध्ये कॉट टाकली. शेवटी सर सरकारच्या मागे लागले, सहा माणसं द्या म्हणून. शिकवायला नव्हे, वाटून द्यायला.

मी म्हटलं, पण मी तर तिची मुलगी. सिस्टर म्हणाल्या, त्यांना मुलगी कळत नाही, डॉक्टर कळतो. जो यायला हवा होता आणि आला नाही, त्याच्या जागेवर तू बसलीस. राग त्या जागेवर आहे.

त्या दिवशी सर छत्तीस तास झोपले नव्हते, हेही त्या म्हणाल्या. मला काय त्याचं.

१९ जून, बुधवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. कॉट हलवली होती, तोंडावर तुकतुकी आली होती. डबा खात होते, घरचा. मी सगळं बोलले, अगदी बोटं सोडवल्याचंही. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, सतरा नंबरच्या खाटेकडे बघितलंस तेव्हाच ओळखलं होतं. आणि म्हणाले, तुझी आई तुझ्याकडेच असलेली बरी, नाही का?

दातओठ खात बाहेर आले. आता नुसतं वदवून घेऊन भागायचं नाही. परत देणार. सातही.

२३ जून

आज साडेबारा. सहाजण खिसा ओढतात. सातवा हात वेगळा आहे. तो खिशाला नसतो, कॉलरला असतो. कॉलर सरळ करतो, वरचं बटण लावतो. शाळेत जाताना लावायची तसं.

तिला मुलगी कळते. सिस्टर चुकल्या.

दारात उभ्या उभ्या रडले.

२५ जून

ठरलं. समितीला इथली ओव्हर बघायची आहे. सिस्टरांनी बेत जमवला. देणार मी, घेणार सर. समितीसमोर नाही म्हणाले तर जागांचा पैसा बंद. घेतला म्हणाले तर—

म्हणा तर खरं. करावे तसे भरावे.

फक्त आई. सिस्टर म्हणतात, सहा देऊन एक ठेवता येत नाही. अर्धी ओव्हर ती ओव्हरच नाही. मग आईलाही त्याच्याच हवाली करायचं? ज्याने—

दादाला विचारणार होते. काय विचारणार?

२७ जून

दीड वाजले. आईची वेळ. त्याआधी सोडलं नाही. उद्या नाही दिले तर रोज दीड. आठ वर्षं. बटण आज फार घट्ट लावलं.

देणार आहे. आई, माफ कर. तुझाच सूड आहे ना हा?

२८ जून, सकाळी आठला दहा कमी

रजिस्टरमध्ये सात लिहिले तर शाई टिकत नाही. म्हणून या डायरीतूनच वाचतेय. समितीचे चौघे समोर. चोवीस खाटा झाल्या. सर प्रत्येकाला मान डोलावत घेतला म्हणाले. आता—

खाट ३. पोटात रक्तस्राव. डॉक्टर आले नाहीत. — घेतला. (दचकले)

खाट ९. ताप, झटके. आले नाहीत. — घेतली. (समितीकडे बघून)

खाट ११. — घेतला.

खाट १४. — घेतली. आवाज चिरकला. खिसा हलला, त्यांचा! माझा नाही!

खाट २०. — घेतला. घामाघूम. गळा कोरडा पडलाय. हेच बघायचं होतं मला.

खाट २२. — घेतला.

आता एकच. मुद्दाम शेवटी ठेवली. खाट १७—

आवाज फुटत नाही. बटण. कॉलर आवळतेय. म्हणून लिहितेय—

आई, सोड. एकदाच बोलू दे. एवढं बोलले की सुटले मी. तो भोगेल, जन्मभर— तुला नकोय का?

नकोय. तिला त्याच्याकडे जायचंच नाही. माझ्याकडेच—

आठचे ठोके. सर समितीला सांगतायत, ओव्हर संपली. नाही संपली! सिस्टर बघतायत. माझा खिसा— सहाही परत—

ते निघाले. मी डाव्या हाताने त्यांचा खिसा धरलाय. घट्ट. तेच दार. वळून बघतायत माझ्याकडे. हसतायत—

बोटं सोडवतायत. करंगळी—

दुसरं—

मधलं—