आधीच दिलेली साक्ष

आई, अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी कर्जतच्या चर्चमध्ये, मंडळीपुढे उभा राहिलो आणि तू बरी झालीस असं सगळ्यांना सांगितलं. तू तेव्हा इकडे कशेळ्याच्या घरी, स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली होतीस. पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता घरीच न्या, असं सांगितलं होतं. उपासनेत साक्षीची वेळ आली की कुणी नोकरी लागल्याचं सांगतं, कुणी दुखणं गेल्याचं. कुणीतरी मला म्हणालं होतं, देवानं दिलंच आहे असं धरून आधी साक्ष द्यायची, मग ते मिळतं. कुंभिवलीच्या कंपनीत मी माप घेतल्याशिवाय एक पीस पुढे सोडत नाही. त्या दिवशी मात्र तुझी सूज डोळ्यांनी बघून आलो होतो, तरी बरी आहे म्हणालो. टाळ्या वाजल्या. परत येताना मला खरंच वाटत होतं की तू अंगणात उभी असशील.

तू उभी नव्हतीस.

दोन दिवसांनी मंडळीतल्या एक मावशी जीपने कशेळ्याला उतरून घरी आल्या, हातात शेवयांचा पुडा. दारातूनच म्हणाल्या की तू बरी झालीस हे ऐकून जीव थंड झाला. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि तुला कळलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. तू भिंतीला धरून उठतेस, एक हात पोटाखाली, आणि शेगडीवर दूध ठेवतेस. मी पुढे होतो तर कोपराने मला मागे सारतेस. "बरी झाल्येय ना मी? मग चा मलाच करू दे की." मावशी हसतात. कप देताना तुझा हात थरथरतो, तेव्हा त्या बशीसकट तो हात आपल्या हातात धरतात. चहात साखर नव्हती. आम्ही दोघांनीही कप रिकामे केले.

त्या गेल्यावर तू आडवी झालीस. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मी पाय चेपत होतो. तू रागावली नाहीस, हळूच विचारलंस, "देवाची अब्रू राखायला तुला कुणी सांगितलं रं?" मी म्हणालो, विश्वास धरला तर होतं म्हणतात. "आणि नाय झालं, तर तो नाय व्हय? मी नाय बरी व्हायची, मला कळतंय. तरी सकाळी डोळे मिटले की तो हाय. तेवढं पुरं हाय मला." मग म्हणालीस, "बोललास ते परत घे." मी पुढच्या रविवारी घेतो म्हणालो. शनिवारी तुला मातीत ठेवलं.

मातीहून परतताना माझ्या मागे दोघीजणी बोलत चालल्या होत्या. बरेपण मिळालं होतं बिचारीला, पण मनात शंका आली असेल, टिकवता आलं नाही. तुझ्याबद्दल, आई. तोंड उघडलं असतं तर माझं खोटं बाहेर पडलं असतं. मी गप्प राहिलो आणि कमी तुझ्या विश्वासात निघाली. तेव्हापासून साक्षीची वेळ आली की मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसायचो. प्रार्थना सोडली नव्हती. पण तुझ्यासारखं पुरं व्हायचं नाही. मला काहीतरी खूण हवी असायची, कुणी पाठीवर हात ठेवावा तशी. आधी ती येऊ दे, मग उभा राहीन, असं करत वर्षं गेली.

आज एक बाई साक्षीला उभी राहिली. नवऱ्याच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा ती त्याला पनवेलला नेते. मागून कुणीतरी, मायेनंच, म्हणालं, "बोल गं, बरा झाला म्हण." ती पदराचं टोक पिळत राहिली. मी उठलो. म्हणालो, अकरा वर्षांपूर्वी ह्याच जागी मी खोटं बोललो. माझी आई एक दिवसही बरी झाली नव्हती. बरी होणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि तरी तिनं देवाला सोडलं नाही. कमी माझ्यात होती, तिच्यात नव्हती.

हालेलुया कुणी म्हणालं नाही. पाळकसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. मग ती बाई म्हणाली, "ते बरे नाहीत. आमच्यासाठी प्रार्थना करा," आणि खाली बसली. बाहेर चपला घालताना मावशींनी माझा दंड धरला. आता त्यांना नीट दिसत नाही. "मला तवाच कळलं होतं रं," त्या म्हणाल्या. "तिचा हात धरला होता ना मी." त्या चहाचं तर साक्षीत मी बोललोच नव्हतो.

तर आई, परत घेतलं. हे पत्र तुझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार. एक तेवढं कबूल करतो. उठताना मी खूण मागितली नव्हती. परत येताना, जीपमध्ये बसल्यावर, थोडी मागितली. आली नाही.

घरी आलो आणि चहा ठेवला.